मी भरलेले दोन अर्ज

आज मी ज्या खुर्चीवर बसून काम करते ती मला एका काकूंमुळं मिळाली. काकू कन्नडकडच्या पिशोर गावच्या. शाळा चौथीपर्यंत, वय माझ्याहून वीसेक वर्षांनी जास्त, गुडघे दुखरे, आवाज मोठा. वाळूजच्या कंपनीत आम्ही एकाच टेबलाला बसायचो. काम त्यांनी शिकवलं, बजाजनगरात खोली त्यांनी बघून दिली, माझी पोरगी तापानं फणफणली तेव्हा रिक्षा थांबवून दवाखान्याच्या पायऱ्या माझ्या आधी त्या चढल्या. हे सगळं आधीच लिहून ठेवते. पुढं मी कशी वागले ते येणार आहे, आणि ते वाचताना कुणी हे विसरू नये. मीसुद्धा.

माझं गाव किनवट तालुक्यात, डोंगराच्या अगदी कडेला. तिथून नांदेडच लांब वाटायचं. शाळा नववीपर्यंत झाली. आईचं आजारपण आलं, घरात दोन धाकटी होती, म्हणून थोडे दिवस घरी बस म्हणाले. बसले ती बसलेच. लग्नानंतर नवऱ्यानं टेम्पो चालवायला हे शहर धरलं. मुकुंदवाडीच्या छोट्या स्टेशनावर उतरलो तेव्हा पोरगी कडेवर होती. पहिले काही महिने नात्यातल्या एकांकडं तिथंच काढले. मग मला वाळूजला काम लागलं आणि रोज अख्खं शहर ओलांडून जाण्यानं जीव बेजार झाला.

मी पहिल्यापासून घाबरी. रिक्षावाल्यानं कुठं जायचं म्हणून दोनदा विचारलं तरी वाटायचं, आपणच चुकीचं सांगितलं असणार. शिक्षण विचारलं की ‘नववी’ म्हणताना आवाज इतका बारीक व्हायचा की समोरचा ‘काय?’ म्हणायचा, आणि मग तेच दोनदा सांगावं लागायचं.

आमचं काम तपासणीचं. दुचाकीच्या इंजिनात बसणाऱ्या रबरी रिंगा असतात, लहान पोरीच्या बांगडीएवढ्या. त्या साच्यातून निघून आमच्याकडं यायच्या. प्रत्येक रिंग बोटांनी ताणून, ट्यूबलाइटखाली फिरवून बघायची. कुठं बारीक चीर असली तर ती लाल डब्यात. चीर असलेली एक रिंग जरी पुढं गेली तरी तेल गळतं, गाडी परत येते आणि टेबलावर बोंबाबोंब होते. दिवसभर रबर ताणून बोटांची टोकं सोलून निघायची. चौथ्या तासाला डोळे असे दमायचे की चांगली रिंग चिरलेली दिसायची आणि चिरलेली चांगली.

मी लागून वर्ष झालं असेल, तेव्हा काकू एक दिवस पदराखाली काहीतरी लपवून आल्या. घरचं जुनं लाटणं. दोन्ही टोकांना निमुळतं, एका बाजूनं जरासं जळालेलं. त्यांनी रिंग लाटण्याच्या टोकावर सरकवली, मधल्या जाड भागाकडं हलकीच ढकलली आणि लाटणं हातात गोल फिरवलं. रिंग चहूबाजूंनी सारखी ताणली गेली आणि तिच्यावरची चीर आपोआप उघडी पडली. डोळे बारीक करायची गरज नाही, बोटं सोलायची नाहीत. त्यांना हे सुचलं होतं नातीमुळं. नातीचे केसांचे रबर हरवतात म्हणून त्या ते लाटण्यावर चढवून ठेवायच्या, आणि जुना झालेला रबर कुठं तुटायला आलाय ते तिथं लगेच दिसायचं.

टेबलावर आम्ही चौघी होतो. आधी हसलो. एक जण म्हणाली, “काकू, आता परातबी आणा, दुपारच्या पोळ्या इथंच करू.” काकू म्हणाल्या, “हसा, हसा. संध्याकाळी बोटं दाखवा मला.” संध्याकाळी हसणारीनंच लाटणं मागून घेतलं.

लाकडी वस्तू आत आणायला बंदी होती. त्यामुळं सुपरवायझर आला की लाटणं टेबलाखाली, गेला की वर. एकच लाटणं चौघींच्या हातांत फिरायचं. आमच्या टेबलावरून खराब माल पुढं जाणं जवळजवळ थांबलं होतं, पण का ते वर कुणाला माहीत नव्हतं. काकूंनी ते कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, “सांगायचं काय त्यात? सोपं व्हावं म्हणून केलं.”

माझी तीन वर्षं भरली त्या सुमारास फलकावर कागद लागला. कंपनीचा नवा हॉल सुरू होणार होता. त्यासाठी आमच्यासारख्या ठेकेदाराकडच्या बायांतून दोन जणी कंपनीच्या रोलवर, म्हणजे कंपनीच्याच पगारावर घेणार, तपासणीस म्हणून. दहावी पास किंवा तीन वर्षांचा अनुभव. अर्ज करायचा, मग मुलाखत. त्याच आठवड्यात कळलं की ठेकेदारही बदलणार आहे आणि नवा ठेकेदार सगळ्यांना ठेवेलच असं नाही.

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. नवऱ्याच्या टेम्पोला कधी भाडं असायचं, कधी आठ आठ दिवस नसायचं. माझं काम गेलं तर खोली सोडून गावाकडं जायचं, एवढंच मला दिसत होतं. पोरगी दुसरीत होती. तिथं गेली की तिचंही माझ्यासारखंच, कुठल्या तरी इयत्तेत ‘थोडे दिवस घरी बस’ होणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

काकूंना रोलवर जायचं होतं ते बससाठी. रोलवरच्या लोकांना कंपनीची बस असते, चौकातून उचलते आणि गेटाच्या आत सोडते. आम्ही बाकीच्या शेअर रिक्षात कोंबून जायचो, पुढं गेटापर्यंत चालायचं. काकूंचे गुडघे आता त्याला नाही म्हणत होते. “पाच-सहा वर्षं बसायला जागा मिळाली तर निघतील,” त्या म्हणायच्या. “नाहीतर मग सुनेच्या हाताखाली.” आणि हसायच्या.

मी मोबाइलवर शोधलं, नोकरीचा अर्ज कसा लिहावा. टाय लावलेला एक माणूस हात हलवून सांगत होता की तुम्ही एक माल आहात. तुम्हाला स्वतःला विकता आलं पाहिजे. तुम्ही काय केलं ते नका सांगू, तुम्ही कंपनीला काय दिलं ते सांगा. शेजारच्या उमेदवाराकडं नाही असं तुमच्याकडं काय आहे? ते एक शोधा आणि त्यावरच बोला. मी हे भाकरी थापता थापता चार वेळा ऐकलं. नवरा साहेब होऊन समोर खाटेवर बसायचा आणि विचारायचा, “तुम्हाला आम्ही का घ्यावं, बाई?” मी म्हणायचे, मी मेहनती आहे. तो म्हणायचा, “मेहनती तर बैल पण असतो. पुढची बोलवा.” पोरगी हसून लोळायची. मला मात्र रडू यायचं, कारण तो चेष्टेत खरंच बोलत होता. शेजारणीकडं नाही असं माझ्याकडं काहीच नव्हतं. जे होतं ते शेजारणीचंच होतं.

अर्ज एका पानाचा. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव. खाली दोन चौकटी. एकीवर लिहिलं होतं, ‘कामात आपण केलेली सुधारणा’. दुसरीवर, ‘कंपनीने आपली निवड का करावी?’ शनिवारी संध्याकाळी मी माझा अर्ज भरला. नववी लिहिताना पेन अडकलं. आणि मग पहिल्या चौकटीत मी लाटण्याबद्दल लिहिलं. सात ओळी. बोटं कशी वाचतात, वेळ कसा वाचतो, लाल डबा कसा भरतो. सुंदर लिहिलं होतं. शाळेत निबंधाला गुरुजी शाबासकी द्यायचे तसं. कुठंही ‘काकू’ हा शब्द नव्हता.

रविवारी दुपारी काकू त्यांचा कोरा अर्ज घेऊन माझ्या खोलीवर आल्या. हातात पिशोरहून आलेल्या ओल्या आल्याची पिशवी. चौथीचं सगळं विसरून त्यांना आता सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून अर्ज मी भरून द्यायचा असं आधीच ठरलेलं. माझा भरलेला अर्ज पोरीच्या वहीखाली होता. मी तो बाहेर काढला नाही.

नाव-पत्ता झाला. शिक्षण चौथी, हे त्यांनी एकदम खणखणीत सांगितलं. अनुभव किती लिहायचा ते बोटांवर मोजलं, ठेकेदार तीन बदलले होते, वर्षं अकरा निघाली. मग मी विचारलं, काकू, तुमचे गुण सांगा, इथं लिहायचेत.

“आपले गुण आपण सांगायचे व्हय?” त्या म्हणाल्या. “पोरगी बघायला आल्यावर पोरगी बोलते का, मी लई गुणाची म्हणून? आत्या सांगते, मावशी सांगते. पोरीनं सांगितलं तर पाव्हणे उठून जातील.”

मी म्हटलं, काकू, ही नोकरी आहे, सोयरीक नाही. इथं आपणच सांगावं लागतं, आपणच आपल्याला विकायचं असतं.

“विकायचं म्हन्जे?” त्यांना ते आवडलं नाही. थोडा वेळ त्या आलं निवडत बसल्या, माती झटकत. मग म्हणाल्या, “हे बघ. तुला ठावं हाय मी काय करते ते. तीन वर्षं बघतीस. माझं तू लिही. माझ्या तोंडून नको, तुझ्या हातानं येऊ दे. आन् तुझं मला कुनी इचारलं तर मी सांगते. फिटाफिट.”

त्या क्षणी मला वहीखालचा कागद काढून फाडता आला असता. दुसरा कोरा अर्ज मिळत होता. किंवा निदान त्यांच्या अर्जातसुद्धा लाटण्याचं लिहून टाकता आलं असतं, दोघींनी मिळून केलं म्हणून. दोन जागा होत्या. दोनच अर्जांत ते एक लाटणं असतं तर कदाचित आम्ही दोघी लागलो असतो. हे गणित मला नंतर हजार वेळा सुचलं. त्या दुपारी सुचलं नाही. की सुचलं होतं आणि मी ते बाजूला सारलं? बरेच दिवस मी स्वतःला सांगत आले की तेव्हा मनात पाप नव्हतं, नुसती भीती होती. आता वाटतं, भीतीनं केलं म्हणून ते काही वेगळं होत नाही.

सुधारणेच्या चौकटीत मी ‘निरंक’ लिहिलं.

काकूंनी विचारलं, काय लिहिलंस? मी म्हटलं, तिथं असंच लिहितात, तो कागदोपत्री शब्द आहे. खालच्या चौकटीत लिहिलं की मी मेहनती व प्रामाणिक आहे, वेळेवर येते, दिलेले काम करते. काकूंनी मोठ्या मोठ्या अक्षरांत, जिभेचं टोक दातात धरून सही केली. मग मला म्हणाल्या, “लई चांगलं अक्षर हाय तुझं. शाळा सोडायला नको होती.” आणि आल्यातलं निम्मं माझ्या डब्यात ओतून गेल्या.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही सात-आठ जणी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो होतो. काकूंनी लग्नातली जांभळी साडी नेसली होती. माझ्या पिशवीत त्यांचं लाटणं होतं. सकाळी टेबलाखालून मी उचललं ते त्यांच्यासमोरच, आणि त्यांनी विचारलंसुद्धा नाही कशाला म्हणून.

आत दोघं होते. एक उत्पादनाचे मोठे साहेब, चष्मा कपाळावर चढवलेले, आणि कामगार विभागाच्या एक मॅडम. खोलीत इतकं गार होतं की माझे दात वाजायला लागले. मॅडमनी शिक्षण विचारलं. मी नववी म्हणाले. नेहमीसारखं ‘काय?’ आलं नाही, कारण त्यांच्यासमोर कागद होता. साहेबांनी तो हातात घेतला आणि त्यातल्या सात ओळी दोनदा वाचल्या. म्हणाले, करून दाखवा.

मी लाटणं काढलं. त्यांनी मूठभर रिंगा मागवल्या. मी एकेक चढवत, फिरवत गेले आणि चिरलेल्या तीन बाजूला काढल्या. साहेबांनी भिंगातून बघितल्या, तीनही बरोबर. त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, हे सुचलं कसं तुम्हाला? आणि मी सांगितलं. केसांच्या रबरांची सगळी गोष्ट सांगितली, नुसती नातीच्या जागी माझी मुलगी घातली. इतकी सहज निघाली ती तोंडातून, जणू माझ्याच घरात घडली होती. त्या टायवाल्या माणसानं ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती.

साहेब मॅडमना म्हणाले की असं बऱ्याचदा एकाचं असतं आणि सांगतो दुसरा. हिच्या टेबलावरची कुणी बाहेर आहे का? मॅडमनी यादी बघितली आणि दार उघडून काकूंना बोलावलं.

त्या आत आल्या. पहिल्यांदा त्यांची नजर टेबलावरच्या लाटण्याकडं गेली. मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. साहेबांनी सरळ विचारलं, “बाई, हे लाटणं टेबलावर कुणी आणलं? कुणाची कल्पना?”

काकूंनी जांभळ्या साडीचा पदर सावरला.

“हिचीच,” काकू म्हणाल्या. “लई हुशार हाय, साहेब. शाळा सुटली म्हणून, नाहीतर तुमच्या खुर्चीत बसली असती. घ्या हिला. पस्तावणार नाय तुम्ही.”

साहेब मोठ्यानं हसले. मॅडमही हसल्या. आता तुम्ही आलाच आहात तर तुमचंही उरकून घेऊ, असं म्हणून मॅडमनी काकूंचा अर्ज वर काढला. मला थांबा किंवा जा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून मी तिथंच उभी राहिले. मॅडमनी वाचलं, अकरा वर्षं अनुभव, शिक्षण चौथी. सुधारणा, निरंक. त्या काकूंना म्हणाल्या, अकरा वर्षांत तुम्हाला काहीच सुचलं नाही का? त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या.

काकू म्हणाल्या, “मी काम करते, मॅडम.”

एवढंच. मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभी होते. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं.

संध्याकाळी शेअर रिक्षात आम्ही शेजारी बसलो होतो, मध्ये तिसऱ्या एका बाईचं बोचकं. लाटणं त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं नव्हतं, मीच त्यांच्या पिशवीत ठेवलं. बजाजनगर जवळ आलं तसं त्या म्हणाल्या, “माझ्या कागदावर तू काय लिव्हलं होतंस गं?”

त्यांनी आत सगळं ऐकलं होतं. ‘निरंक’ म्हणजे काय ते मॅडमच्या प्रश्नातूनच कळलं असणार. त्या विचारत होत्या ते मला बोलता यावं म्हणून, असं आज मला पक्कं वाटतं. मी म्हटलं, “चांगलंच लिहिलं होतं, काकू.”

“मग बरं,” त्या म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

यादी लागली. एक मी. दुसरी शेजारच्या लाइनीतली बारावी झालेली मुलगी. टेबलावरच्या दोघींनी मला पेढे मागितले, आणि पेढा तोंडात घालताना एक जण म्हणाली, “लाटणंवाल्या बाई, पोळ्या तरी स्वतः करता का घरी?” काकूंनी तिला गप्प केलं. म्हणाल्या, “तुझं तोंड गोड केलं ना तिनं, मग कडू कशाला बोलतीस?” नवा ठेकेदार आला. त्यानं चाळिशीच्या पुढच्या बाया ठेवल्या नाहीत. काकूंचा शेवटचा दिवस शनिवार होता. मला रोलवर जाऊन बारा दिवस झाले होते आणि मी नव्या हॉलमध्ये होते. काम सुटल्यावर त्यांना भेटायला पळत गेले तेव्हा त्या गेटाबाहेर निघून गेल्या होत्या.

पुढं कंपनीनं लाटण्याचं नायलॉनचं रूप करून घेतलं, पांढरं, मापाचं. हॉलच्या भिंतीवर एक फलक आहे, त्यात जुनी पद्धत, नवी पद्धत, फायदा असं लिहिलंय आणि कोपऱ्यात माझा फोटो आहे. मी त्या फलकाकडं पाठ करून बसते. पण नवीन मुलगी कामाला लागली की तिला आधी तिथंच उभं करतात आणि म्हणतात, बघ, नववी शिकलेल्या बाईनं केलंय हे.

वाईट सांगायचं तर त्या नोकरीनं माझं सगळं चांगलंच केलं. खोली सुटली नाही. पोरगी आता आठवीत आहे, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं वाचते, गणिताला रडते. नवऱ्यानं टेम्पो स्वतःचा केला. मी बसनं जाते. थंडीच्या दिवसांत खिडकी लावून बसलं की उबदार वाटतं, आणि वाटल्यावर लगेच वाईट वाटतं. बायका माझ्याकडं अर्ज भरून घ्यायला येतात, अक्षर चांगलं म्हणून. मी कुणालाच एकटीला बसवत नाही. शेजारी काम करणारीला सोबत आण म्हणते. तिला विचारते, ही काय करते गं? मग जे निघतं ते लिहिते. त्या म्हणतात, ताई, तुम्ही किती बारीक विचारता. मी पुढची ओळ लिहिते. हे करून काही फिटत नाही हे मला कळतं.

दोन वर्षांपूर्वी मी पिशोरला गेले. काकूंच्या दुसऱ्या नातीचं बारसं होतं, त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. आठवडी बाजाराच्या मागं घर. काकू आता काठी धरून चालतात. मला बघितल्यावर त्या मला हाताला धरून प्रत्येक पाहुणीपुढं घेऊन गेल्या. “ही माझ्यासंगं टेबलाला होती. आता कंपनीत मोठी हाय. साहेब उठून उभे राहतात हिच्यापुढं.” साहेब काही उभे राहत नाहीत. मी दहा बायांपुढं मान खाली घालून उभी होते आणि त्यांना वाटलं, विनयानं.

स्वयंपाकघरात त्यांची सून चहा ओतत होती. ती हळूच मला म्हणाली, “ताई, आमच्या सासूबाई तिथं नेमकं काय करायच्या हो? अकरा वर्षं गेल्या, पण काही सांगत नाहीत. इचारलं की म्हणतात, काम करायचे.”

समोर ओट्यावर पोळपाट होता, त्यावर पीठ लागलेलं. ती बाई माझ्याकडं बघत होती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिथं ना साहेब होते, ना नोकरी जायची भीती. सांगून टाकलं असतं तर फार तर माझी मान खाली गेली असती. मी म्हटलं, “लई काम करायच्या.” आणि कप उचलून बाहेर आले.

परतीच्या एसटीत कन्नडपर्यंत मी खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसले होते. मनात म्हटलं, हे आता भीतीवर ढकलता येणार नाही.

त्या मॅडम केव्हाच नोकरी सोडून गेल्या, पण मुलाखत घेणारे ते मोठे साहेब अजून आहेत. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार, असं सगळे बोलतात. ते गेले की मग तो दिवस आठवणारं त्या खोलीत कुणीच राहणार नाही. त्याआधी मी त्यांच्याकडं जाणार आहे. काय सांगायचं ते मी लिहून ठेवलंय, कारण ऐनवेळी माझा आवाज जातो. कल्पना काकूंची, गोष्ट काकूंची, नात काकूंची, आणि खोटं तेवढं माझं. त्यांनी मला काढलं तर काढोत, तशी तयारी मनाशी करते आहे, रोज थोडी थोडी. नवऱ्याला सांगितलंय. तो म्हणाला, टेम्पो आहे.

आणि कंपनीकडून एक पत्र मागणार आहे, साहेबांच्या सहीचं, मराठीत, काकूंच्या पूर्ण नावानं. ते घेऊन मी पिशोरला जाईन, सुनेला आणि नातींना समोर बसवीन आणि सावकाश वाचून दाखवीन. काकू मध्येच चहा कर, चहा कर म्हणतील. त्यांनी कितीही म्हटलं तरी मी थांबणार नाही. कधी ते नक्की सांगता येत नाही, पण काकू आहेत तोवर, हे नक्की.